दाखल रजिस्टर, शेऱ्याचा रकाना आणि तीन दर

कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची पुस्तकं, साधारण पंधरा हजार, मार्च २०२५ मध्ये संगणकावरच्या सूचीत आली. काम सुरू झालं होतं जून २०२३ मध्ये. मी वाचनालयाची पगारी नोकर नाही. कार्यकारी मंडळावर आहे आणि पोटासाठी हिशेब लिहिण्याचं काम करते. अलीकडे आसपासच्या वाचनालयांतून फोन येतात: सुरुवात कुठून केलीत, खर्च किती आला, जुन्या वह्यांचं काय केलंत? दरवेळी तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा क्रमाने लिहून ठेवते.

कामाला निमित्त होतं पुराचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावर पाणी आलं आणि खालच्या फळ्या भिजल्या. त्याआधी २००५ मध्ये तेच झालं होतं, नंतर २०२१ मध्येही थोडं. भिजून गेलेली पुस्तकं दप्तरातून कमी करायची तर निर्लेखनाचा ठराव हवा, आणि ठरावाला दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, किंमत आणि एकूण रक्कम अशी यादी जोडावी लागते. चार वर्षं झाली तरी आमच्याकडे ती यादी नव्हती. माहिती नव्हती असं नाही. दाखल रजिस्टरात, म्हणजे वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमाने नोंद असलेल्या वहीत, प्रत्येक भिजलेल्या पुस्तकासमोर आमच्या ग्रंथपाल बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात तेव्हाच नोंद केली होती. पण अकरा जाडजूड रजिस्टरांच्या शेऱ्यांतून ती वेचून काढणार कोण?

जून २०२३ च्या बैठकीत ठराव झाला. एक सूचना इथेच देते: ठरावात 'ग्रंथसूचीचे संगणकीकरण करावे' एवढ्यावर थांबू नका. मूळ रजिस्टर इमारतीबाहेर न्यायचं की नाही, फोटो कोण काढणार, प्रती कोणाच्या ताब्यात राहणार, आणि संगणकातली नोंद व रजिस्टर यांत फरक आढळला तर कोणतं ग्राह्य, हे चारही मुद्दे इतिवृत्तात येऊ द्या. आम्ही 'मूळ रजिस्टर ग्राह्य' असं लिहिलं. पुढे शंका आली तेव्हा त्या एका ओळीमुळे वाद मिटले.

मग नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं मागवली. ती यायला दीड महिना गेला. दोन दरपत्रकांत एकच ठोक रक्कम होती. तिसऱ्यात मात्र तीन ओळी होत्या: स्ट्रक्चर्ड डेटा, दर नोंदीला चार रुपये, सेमी-स्ट्रक्चर्ड, दर नोंदीला नऊ रुपये, अनस्ट्रक्चर्ड, पाहून ठरवू. खाली टीप: 'कोणता मजकूर कोणत्या प्रकारात मोडतो ते ग्राहकाने कळवावे.' बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले. कार्यवाह म्हणाले, "ताई, तुम्ही आकड्यांतल्या आहात, तुम्हीच बघा हे." मी घरी येऊन वाचायला बसले.

संरचित, अर्धसंरचित आणि असंरचित अशी मराठी नावं मिळाली, व्याख्याही मिळाल्या. रकान्यांत बसतो तो संरचित. खुणांनी बांधलेला पण ठरावीक रकान्यांत न बसणारा तो अर्धसंरचित. मोकळा मजकूर, चित्र, आवाज हा असंरचित. वाचताना सोपं वाटलं. उदाहरणंही सगळीकडे तीच: तक्ता, एक्सएमएल फाइल (मजकुराच्या प्रत्येक तुकड्याला नावाची खूण लावलेली), फोटो. पण आमच्या कपाटासमोर उभं राहिल्यावर त्या व्याख्या पुरेनात. दाखल रजिस्टर हा तर सरळ तक्ता, आडव्या-उभ्या रेघा छापलेला. त्यातला शेऱ्याचा रकाना मात्र पूर्ण मोकळा. 'दाता यांजकडून मुलीच्या लग्नाप्रीत्यर्थ भेट', 'पाने ४९ ते ५६ नाहीत', 'नेऊन परत केले नाही, स्मरणपत्र दिले', 'पु. भि.' एकाच ओळीत डावीकडे क्रमांक, तारीख, किंमत, आणि उजवीकडे माणसाचं बोलणं.

तेव्हा लक्षात आलं की वर्गवारी वहीवरून किंवा फाइलच्या प्रकारावरून ठरवायची नाही, रकान्यागणिक करायची. त्या रकान्याला आपण कोणता प्रश्न विचारणार आहोत आणि त्याचं उत्तर कोणत्या रूपात येणार हे आधीपासून ठरलेलं आहे का, एवढंच बघायचं. किंमत किती? उत्तर आकडाच येणार. शेरा काय? काहीही येऊ शकतं. पुढचं सगळं काम मी या एका कसोटीवर केलं, आणि माझ्या मते छोट्या संस्थेला एवढी कसोटी पुरते.

ऑगस्टमध्ये आम्ही कपाटातल्या प्रत्येक वस्तूसमोर, आणि रकाने असलेल्या वहीत प्रत्येक रकान्यासमोर, तीनपैकी एक खूण करत गेलो. हे संगणकाला हात लावण्याआधी करा. आमच्या ग्रंथपाल बाई तीस वर्षं तिथे आहेत. त्यांच्याशिवाय हे जमलंच नसतं. "बाई, हे 'पु. भि.' म्हणजे पुनर्भेट का?" मी विचारलं. "अहो नाही ताई, पुरात भिजलेलं. आणि ते खालचं 'पु. बां.' म्हणजे पुन्हा बांधणी केली." त्या बोलत गेल्या, मी लिहून घेत गेले. शेऱ्यातल्या संक्षेपांची ती दोन पानी यादी हा या कामातला सगळ्यात मोलाचा कागद आहे. तुमच्याकडचे जुने ग्रंथपाल निवृत्त होण्याआधी त्यांच्याबरोबर एवढी दोन पानं लिहाच.

खुणा झाल्यावर ठरवलं की संरचित भाग आपणच टंकायचा. महाविद्यालयातल्या दोन मुली दर नोंदीला तीन रुपयांवर तयार झाल्या. या एका कामाला पंचेचाळीस हजार रुपये लागले, तेही नोव्हेंबरपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने दिले. निम्मी रक्कम वाचनालयाच्या निधीतून, निम्मी देणगीतून आली. रजिस्टरांचे फोटो मोबाइलनेच काढले. टेबलाला लावायचा स्टँड नऊशे रुपयांना आला. मूळ रजिस्टर टंकणाऱ्यांच्या हाती द्यावं लागलं नाही.

संरचित भाग सोपा जाईल असा सगळ्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त वेळ त्यानेच घेतला, आणि त्याची कारणं मराठी रजिस्टर असलेल्या प्रत्येकाला भेटतील म्हणून सविस्तर सांगते.

पहिलं, किंमत. १ एप्रिल १९५७ पूर्वीच्या नोंदी रुपये-आणे-पैमध्ये आहेत. '३-८-६' म्हणजे तीन रुपये, आठ आणे, सहा पै. इंग्रजी आकड्यांत असं टंकलं की स्प्रेडशीट, म्हणजे संगणकावरचा हिशेबाचा तक्ता, त्याची तारीख करून टाकते, ३ ऑगस्ट २००६. हा त्रास फक्त आपल्याला नाही. मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची चिन्हं बदलली, कारण स्प्रेडशीट मार्च आणि सप्टेंबरसारख्या दिसणाऱ्या चिन्हांच्या तारखा करून टाकत होत्या. आम्ही रुपये, आणे, पै असे तीन रकाने केले आणि चौथ्यात सूत्र घातलं: रुपये, अधिक आणे भागिले १६, अधिक पै भागिले १९२. तीन-आठ-सहाचे ३.५३ रुपये होतात. १९५७ नंतरही काही वर्षं सवयीने आण्यांतच लिहिलेल्या नोंदी सापडतात. तिथे '३-८' म्हणजे आठ आणे की आठ पैसे, हे त्याच पानावरच्या आसपासच्या किमती बघून ठरवावं लागलं.

दुसरं, आकडे. देवनागरीत टंकलेल्या आकड्यांची आमच्या स्प्रेडशीटमध्ये बेरीज होईना. तिच्या लेखी ती अक्षरं. म्हणून किंमत, पृष्ठं आणि वर्ष इंग्रजी आकड्यांत टंकायचं ठरलं. दाखल क्रमांकाचा रकाना मात्र 'मजकूर' या प्रकारात ठेवला, कारण आमच्याकडे ४३१२ आणि ४३१२अ अशी दोन वेगळी पुस्तकं आहेत. सगळे अंक दिसतात म्हणून प्रत्येक रकाना संख्येचा नसतो. ज्याची बेरीज कधी करायची नाही त्याला संख्या मानू नये.

तिसरं, वर्ष. जुन्या पुस्तकांवर शके छापलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या तीन-साडेतीन महिन्यांसाठी ७९. महिना माहीत नसेल तिथे आम्ही ७८ मिळवले आणि शेजारच्या 'रजिस्टरात जसं आहे तसं' या रकान्यात मूळ शके तसाच ठेवला. हा 'जसं आहे तसं' रकाना किंमत, वर्ष आणि लेखक या तिघांनाही ठेवा. नीट केलेलं एका बाजूला, मूळ दुसऱ्या बाजूला. फाइल जड होते, पण दोन वर्षांनी कोणी 'हे कुठून आलं' विचारलं की उत्तर तिथेच असतं.

चौथं, लेखकांची नावं, आणि इथे मी मनापासून रमले. 'वि. वा. शिरवाडकर', 'शिरवाडकर वि.वा.', 'शिरवाडकर, विष्णु वामन' आणि 'कुसुमाग्रज' हे सगळे एकच. ओपनरिफाइन नावाचं मोफत सॉफ्टवेअर सारखी दिसणारी नावं एकत्र गोळा करून दाखवतं. आधी सगळ्या टिंबांनंतर एक जागा सोडून घ्या, नाहीतर 'वि.वा.' हा त्याला एकच शब्द वाटतो. पण कुसुमाग्रज म्हणजेच शिरवाडकर हे कोणतंही सॉफ्टवेअर अक्षरं जुळवून सांगू शकत नाही. ते वाचकाला माहीत असतं. टोपणनावांची जोडयादी आम्ही हाताने केली.

मराठीचा म्हणून आणखी एक त्रास. 'ऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. 'ॲ'चंही तसंच: कधी ते एक अक्षर असतं, कधी 'अ' आणि वरची चंद्रकोर अशी दोन. डोळ्यांना एक, संगणकाला वेगवेगळे. शीर्षकात असा शब्द असला की पुस्तक समोर असून शोधात येत नाही. दोन मुली दोन वेगळे कीबोर्ड वापरत होत्या, त्यामुळे हे लवकर उघडकीला आलं. दोघींना एकच कीबोर्ड घालून दिला आणि जुन्या नोंदींत शोधा-बदला करून घेतलं. वाचनालयाकडे पूर्वी छपाईसाठी संगणकावर जुळवलेली एक नवीन पुस्तकांची यादी होती, युनिकोड ही आजची सर्वमान्य अक्षरपद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टमधली. फॉन्ट नसला की ती निरर्थक रोमन अक्षरांसारखी दिसते. अशा फाइलींसाठी फॉन्ट-बदल करणारी मोफत साधनं आहेत. जोडाक्षरं मात्र नंतर डोळ्यांखालून घालावी लागतात.

जून २०२४ मध्ये तक्ता उभा राहिला आणि लगेच त्याच्या मर्यादा दिसल्या. एका पुस्तकाला एक लेखक, दुसऱ्याला लेखक आणि अनुवादक, तिसऱ्याला तीन संपादक, चौथ्याला चित्रकार. दिवाळी अंकाला लेखकच नाही, संपादक आहे, आणि आत चाळीस लेखक. लेखक १, लेखक २, लेखक ३ असे रकाने वाढवत गेलं तर बहुतेक रकाने रिकामे राहतात आणि एखाद्या पुस्तकाला तरीही अपुरे पडतात. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या, तक्ते एकमेकांशी जोडण्याच्या 'नातेसंबंधी' पद्धतीत यावर उपाय आहे, लेखकांचा वेगळा तक्ता करून दोन्ही जोडायचे. पण ग्रंथालयांनी त्याच काळात आपली वेगळी वाट काढली होती. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्रम यांच्या नेतृत्वाखाली १९६० च्या दशकात 'मार्क' हा नोंदीचा साचा तयार झाला. त्यात प्रत्येक मजकुराला तीन अंकी खूण असते: १०० म्हणजे मुख्य लेखक, २४५ म्हणजे शीर्षक, ७०० म्हणजे सोबतच्या इतर व्यक्ती. ७०० एकदाही नसला तरी चालतो, पाच वेळा आला तरी चालतो. देणगी कोणाकडून आली ते ५४१ मध्ये. एका नोंदीत दहा खुणा, दुसरीत तीस.

अर्धसंरचित म्हणजे काय हे मला इथे खरं कळलं. लेखी पत्रासारखं आहे ते: पत्ता, तारीख, मायना यांच्या जागा ठरलेल्या, आतला मजकूर ज्याचा त्याचा. रकाने सगळ्यांना सारखे नसतात, पण प्रत्येक तुकडा स्वतःबरोबर आपलं नाव घेऊन येतो. हा प्रकार कळल्यावर तो सगळीकडे दिसू लागला. आमच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप गटावर नव्या पुस्तकांची मागणी येते. तो गट फाइल म्हणून उतरवून घेतला तर तारीख, वेळ, नाव, मग संदेश असं येतं. संदेशात मधे ओळ तोडलेली असली की पुढच्या ओळीला तारीख नसते, म्हणून सरळ तक्ता करता येत नाही. 'ओळीच्या सुरुवातीला तारीख असेल तरच नवा संदेश' हा नियम लावून मागण्यांची यादी निघाली. त्यातली फोन नंबरं आणि नावं आम्ही पुसली, यादीला त्यांची गरज नव्हती.

सूचीसाठी आम्ही 'कोहा' निवडलं. ग्रंथालयांसाठीचं हे मोफत, मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयासाठी तयार झालं आणि जानेवारी २००० पासून वापरात आहे. केंद्र सरकारच्या एनआयसी या संगणक-सेवा संस्थेचं 'ई-ग्रंथालय' हाही पर्याय होता आणि तोही चांगला आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना कोहाची सवय होती म्हणून आम्ही तिकडे वळलो. तक्त्यातून मार्क नोंदी करायला 'मार्कएडिट' हे मोफत साधन वापरलं. कोणता रकाना कोणत्या खुणेत जाणार, याचा तक्ता आधी कागदावर करा. आम्ही सुरुवातीला पन्नास पुस्तकं चढवून पाहिली, ग्रंथपाल बाईंनी ती शोधून पाहिली, आणि मगच बाकीची घेतली.

पुराच्या पुस्तकांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. शेऱ्याचा रकाना जसाच्या तसा टंकून घेतला होता. संक्षेपांची यादी लावून त्यातून एक नवा, बंदिस्त रकाना काढला, 'स्थिती'. त्यात सहाच उत्तरं चालतील असं ठरवलं: ठीक, फाटलेलं, हरवलेलं, पुनर्बांधणी, पुरात खराब, निर्लेखित. 'पूर' कोणता, हा प्रश्न होताच. ज्या पुस्तकाची दाखल तारीख २००५ च्या पुरानंतरची, ते २०१९ किंवा २०२१ चं. उरलेल्यांसाठी बाईंची आठवण, शाई आणि आजूबाजूचे शेरे. खात्री झाली नाही तिथे वर्षाचा रकाना रिकामा ठेवला. कोहात प्रतीची माहिती ९५२ या खुणेत जाते. तिथे खराब प्रतीची खूण केली आणि मूळ शेरा सार्वजनिक न दिसणाऱ्या टिपेत टाकला, कारण कोणी पुस्तक परत केलं नाही अशी नावंही शेऱ्यांत आहेत आणि ती जगाला दाखवायची नाहीत. ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत निर्लेखनाची यादी दाखल क्रमांक, किमती आणि एकूण रकमेसह ठेवली. ठराव मंजूर झाला. बाईंना पाच वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मलाही फार बरं वाटलं.

तरी सगळे शेरे मी रकान्यांत कोंबले नाहीत, आणि कोणी कोंबू नयेत असं मला ठामपणे वाटतं. 'मुलीच्या लग्नाप्रीत्यर्थ भेट' या शेऱ्यासाठी 'भेटीचं कारण' असा रकाना करता येईल. पण तो प्रश्न कोणी वारंवार विचारणार नाही, आणि रकाना केला की टंकणारा माणूस त्यात 'लग्न' एवढंच लिहितो. वाक्य जातं. ज्या प्रश्नाचं उत्तर दरवर्षी द्यावं लागतं त्याचाच रकाना करावा. बाकीचं वाक्य म्हणून जपावं.

उरली असंरचित वस्तूंची रास: इतिवृत्तांच्या वह्या, शेरेपुस्तक, समारंभांचे फोटो, व्याख्यानमालेच्या कॅसेट. छापील कागदांसाठी टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर करणारं सॉफ्टवेअर, वापरलं; ते मराठी वाचतं आणि स्वच्छ छपाईवर चांगलं काम करतं. हस्ताक्षरावर ते चालत नाही, त्यामुळे इतिवृत्तं टंकली नाहीत. प्रत्येक बैठकीचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवले आणि एका साध्या यादीत तारीख, ठराव क्रमांक आणि विषयाची एक ओळ लिहिली. वस्तू मोकळीच राहते, तिच्याभोवतीची चार माहिती बांधून घेतली की ती सापडते. यासाठी 'डब्लिन कोअर' नावाची पंधरा घटकांची यादी आहे, १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून निघालेली. आम्ही त्यातले सहा घेतले: शीर्षक, निर्माता, तारीख, विषय, वर्णन, हक्क. फोटोच्या मागच्या बाजूचाही फोटो काढा. नावं तिथे असतात.

एकूण खर्च सत्तर हजारांच्या आत राहिला: टंकलेखन, स्टँड, दोन बाह्य हार्ड डिस्क आणि पहिल्या वर्षाचं सर्व्हर-भाडं. दोन डिस्कपैकी एक वाचनालयात आहे आणि दुसरी कार्यवाहांच्या घरी, गावाच्या वरच्या अंगाला, जिथे पुराचं पाणी पोचत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत काढायची हे बाईंच्या कामांच्या यादीत घातलं आहे.

कॅसेट अजून बाकी आहेत. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, आणि चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर शोधतो आहोत. उतरवण्याचा क्रम ठरला आहे: आधी ज्यांच्या खोक्यावर वक्त्याचं नाव नाही त्या. ती नावं आवाजावरून ओळखू शकणारे दोन-तीन ज्येष्ठ सभासद दर शनिवारी वाचनालयात येतात, त्यांच्यासमोर त्या लावायच्या आहेत.